मॅकीच्या पंखांवरची कडी

मारिओ कास्टोल्दी यांचं मॅकी सी. 202 ‘फोल्गोरे’ हे इटालियन लढाऊ विमान मुळातच देखणं. उत्तर आफ्रिकेतल्या त्याच्या रंगसंगतीने मात्र मॉडेल करणाऱ्यांना कायमचं वेड लावलं. फिकट वाळूरंगावर गडद ऑलिव्ह हिरव्या रंगाची पोकळ कडी; यांनाच ‘स्मोक रिंग’ म्हणतात. 1/48 प्रमाणात या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 22 सेंटिमीटर भरतात, आणि तेवढ्या जागेत ही कडी एअरब्रशने, मोकळ्या हाताने उमटवायची!

चांगल्या हातून उतरलेलं एक कडं भिंगाखाली बघावं. रेषेचा गाभा भरीव असतो, कड हलकेच विरलेली. मॉडेलवर एक मिलिमीटर विरलेली कड म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच सेंटिमीटर. त्याहून पसरली की विमानाचं खेळणं झालं. रेषा जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळते, तरी सांध्यावर थेंब नाही. ही करामत एअरब्रशच्या डबल ॲक्शन ट्रिगरची: दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हवा रंगाच्या आधी सुरू होते आणि रंगानंतर थांबते.

कडेचा मऊपणा मात्र कपातल्या मिश्रणातून येतो. रंग दाट राहिला तर रेषा कणीदार होते. फार पातळ झाला आणि हवेचा दाब तसाच ठेवला, तर ओल्या रंगाला चहूबाजूंनी फाटे फुटतात. एरवी कपाच्या भिंतीवरून दुधासारखा ओघळणारा रंग पुरतो. या कड्यांसाठी त्याहून पातळ हवा, दाब दहा-बारा पीएसआयपर्यंत उतरवलेला आणि नोझल पृष्ठभागापासून सेंटिमीटरभरावर. मिस्टर कलरच्या लॅकरमध्ये त्याच कंपनीचा लेव्हलिंग थिनर घातला की त्यातला रिटार्डर रंगाचं वाळणं लांबवतो. सुईच्या टोकाशी रंग धरत नाही, थर सपाट बसतो. मला ही जोडी सर्वांत सुरेख वाटते. तामियाचे ॲक्रिलिक एक्स-20ए थिनरमध्ये छान चालतात, पण बारीक रेषेत सुई वारंवार पुसावी लागते.

रेषेचं यश असं मिश्रणावर आणि दाबावर ठरतं, म्हणून 0.2 मिमी नोझलचा हव्यास नको. 0.3चा, वर कप असलेला भरवशाचा एअरब्रश घ्या. उरलेले पैसे टाकी आणि मॉइश्चर ट्रॅप असलेल्या कॉम्प्रेसरवर घाला. टाकीमुळे हवेला हिसके बसत नाहीत, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ट्रॅपशिवाय पाण्याचा थेंब थेट पंखावर येतो. लॅकर फवारताना मात्र खिडकी उघडी ठेवा आणि वाफा गाळणारा मास्क लावाच.