‘दोस्तोएव्हस्की’ : एका स्थलवाचक आडनावाची चिकित्सा

आडनावांचा अभ्यास हे भाषाशास्त्राचे एक कडेचे अंग समजले जाते. ध्वनिविचार आणि वाक्यविचार ह्यांची प्रतिष्ठा त्याला लाभलेली नाही. ह्याचा परिणाम असा झाला की, ह्या क्षेत्रात भाषाशास्त्रज्ञांपेक्षा चरित्रकार, वंशावळीकार आणि हौशी व्युत्पत्तिकार ह्यांचाच संचार अधिक झाला. आडनाव पाहावे, त्यातून कूळ काढावे, कुळातून रक्त काढावे आणि रक्तातून स्वभाव काढावा, अशी एक शिडीच ह्या मंडळींनी उभी केली आहे. ह्या शिडीची पहिली पायरी तेवढी भाषेची आहे. पुढच्या पायऱ्यांना भाषेचा आधार नाही. फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोएव्हस्की ह्या थोर रशियन कादंबरीकाराच्या आडनावाविषयी जे लेखन झाले आहे, त्यात ह्या दोषाचा जितका ठळक प्रत्यय येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. म्हणून ह्या एका नामाची चिकित्सा केवळ त्या नामापुरती राहत नाही. आडनाव हे कशाचे प्रमाण होऊ शकते आणि कशाचे होऊ शकत नाही, हा मूलभूत प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

प्रथम रूपाचा विचार करू. हे आडनाव व्याकरणदृष्ट्या विशेषण आहे. त्याची विभक्तिरूपे विशेषणाप्रमाणे होतात आणि स्त्रीलिंगी रूप ‘दोस्तोएव्हस्काया’ असे होते. त्यातील ‘-स्क-’ हा प्राचीन स्लाव्ह संबंधदर्शक प्रत्यय होय. ‘इंग्लिश’ ह्या शब्दातील ‘-इश’ हा त्याचा जर्मानिक सगोत्र आहे. हा प्रत्यय काढून टाकला म्हणजे ‘दोस्तोएव्ह-’ हे अंग उरते, आणि तेच ‘दोस्तोएव्हो’ ह्या गावाच्या नावाचेही अंग आहे. हे गाव आजच्या बेलारूसमधील ब्रेस्त प्रांताच्या इव्हानोवो जिल्ह्यात, पिन्स्क नगरापासून फार दूर नाही. परंतु पृथक्करण येथेच थांबत नाही. ‘दोस्तोएव्हो’ ह्या ग्रामनामात ‘-एव्ह’ हा स्वामित्वदर्शक प्रत्यय आहे. ‘दोस्तोयचे (गाव)’ असा त्याचा रूपार्थ होतो. म्हणजे एका मूळ अंगापासून ग्रामनाम, आणि ग्रामनामापासून कुलनाम, अशा दोन थरांची ही रचना आहे. वरचा थर स्थलाचा; खालचा थर त्या स्थलाच्याही आधीचा.

ही दोन थरांची गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे एक लोकप्रिय व्युत्पत्ती रूढ झाली आहे. रशियन भाषेत ‘दोस्तोयनी’ म्हणजे योग्य, लायक, आणि ‘दोस्तोइन्स्त्वो’ म्हणजे प्रतिष्ठा, मानवी मोल. अपमानित आणि दीनदुबळ्या माणसांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ज्याने आयुष्यभर हाताळला, त्या लेखकाच्या नावातच ‘प्रतिष्ठा’ हा शब्द दडलेला असावा, ही कल्पना अर्थातच मोहक आहे. पण भाषाशास्त्राला मोहाचे वावडे असले पाहिजे. ‘दोस्तोय’ ह्या अंगाचा त्या धातुकुळाशी संबंध लावला, तरी तो अर्थ गावाला ज्याच्यावरून नाव पडले त्या मूळ अंगाला चिकटतो. आडनावाला चिकटत नाही. आडनावाचा अर्थ एवढाच : ‘दोस्तोएव्हो गावाचा’. निंबळक गावावरून ‘निंबाळकर’ झालेल्या घराण्याच्या गुणदोषांचे मूळ कोणी निंबाच्या कडूपणात शोधू लागले तर ते जितके सयुक्तिक ठरेल, तितकीच ही व्युत्पत्ती सयुक्तिक आहे.

आता इतिहासाकडे वळू. १५०६ मध्ये पिन्स्कचा राजपुत्र फ्योदोर इव्हानोविच यारोस्लाविच ह्याने दानिला इर्तिश्च नावाच्या आपल्या एका सरदाराला काही जमीन इनाम दिली. तीत दोस्तोएव्हो हे गाव होते. त्याचे वंशज पुढे ह्या गावावरून दोस्तोएव्हस्की म्हणून ओळखले जाऊ लागले. ह्या घटनेतील भाषिक आशय चरित्रकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. मूळ पुरुषाचे अभिधान वेगळे होते. नवे नाव आले ते जन्मातून नव्हे, सनदेतून. तीच सनद शेजारच्या दुसऱ्या एखाद्या गावाची असती तर तेच रक्त दुसऱ्याच नावाने वाहिले असते. तेव्हा हे आडनाव रक्ताचे नव्हे, जमिनीशी जडलेल्या एका कायदेशीर संबंधाचे चिन्ह आहे.

ह्या पार्श्वभूमीवर कादंबरीकाराची कन्या ल्युबोव्ह फ्योदोरोव्हना हिने लिहिलेल्या आणि १९२० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या चरित्राची परीक्षा केली पाहिजे. पित्याचे कूळ लिथुआनियन असून त्यात नॉर्मन रक्ताचा अंश आहे, असे प्रतिपादन तिने केले आणि पित्याच्या स्वभावाचे अनेक विशेष त्या आधारे उलगडून दाखविले. दोस्तोएव्हो हे गाव लिथुआनियाच्या महासंस्थानात होते, हे खरे. परंतु ते महासंस्थान हे राज्याचे नाव होते, जातीचे नव्हे. त्याच्या प्रजेचा फार मोठा भाग स्लाव्ह होता आणि त्याच्या दप्तराची भाषा दीर्घकाळपर्यंत पूर्व स्लाव्ह होती. गावाच्या नावातला ‘-एव्ह’ स्लाव्ह, आडनावातला ‘-स्क-’ स्लाव्ह. लिथुआनियन भाषेचा एकही ध्वनी त्या नावात साक्षीला उभा राहत नाही. राजकीय नकाशावरील शब्द वांशिक अर्थाने वाचण्याची ही चूक होय. लेखिकेच्या पितृभक्तीविषयी आदर ठेवूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, तिने नावावर जो भार टाकला तो पेलण्याची शक्ती त्या नावात नव्हती.

दुसरे पुस्तक अधिक शिस्तीचे आहे. मिखाइल व्होलोत्स्कोय ह्यांनी १९३३ मध्ये मॉस्को येथे ‘दोस्तोएव्हस्की घराण्याची बखर’ ह्या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १५०६ पासून १९३३ पर्यंतचा काळ त्याने व्यापला आहे. साधनसंग्रह ह्या दृष्टीने ह्या ग्रंथाचे ऋण पुढील प्रत्येक संशोधकावर आहे, आणि ते मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु व्होलोत्स्कोय हे मानवशास्त्रज्ञ आणि सुप्रजननवादी होते. घराण्यातील व्यक्तींची नोंद करताना आनुवंशिक गुणांचा माग काढणे हाही त्यांचा हेतू होता. अशा संशोधकाला दुर्मिळ आडनाव फार सोयीचे वाटते. कारण नाव एक तर कूळ एक, आणि कूळ एक तर आनुवंशिकता एक, असे समीकरण सहज सुचते. ह्यातील पहिला भाग बऱ्याच अंशी स्वीकारता येतो. दुसरा मात्र येत नाही. आडनाव पित्याच्या एकाच रेषेने उतरते, आनुवंशिकता तशी उतरत नाही. पाच पिढ्यांमागे माणसाला बत्तीस पूर्वज असतात. त्यांपैकी एकाचेच आडनाव त्याच्याकडे आलेले असते. उरलेल्या एकतीस जणांविषयी आडनाव मौन पाळते.

येथे दुर्मिळतेचा प्रश्न येतो. दोस्तोएव्हस्की हे आडनाव दुर्मिळ आहे, पण का? ‘-स्की’ प्रत्ययान्त आडनावे सरदारी असतात आणि सरदार थोडे असतात, म्हणून ती दुर्मिळ, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. हे उत्तर प्रकार आणि नमुना ह्यांची गल्लत करणारे आहे. व्याझ्मा नगरावरून व्याझेम्स्की, शुया नगरावरून शुइस्की, ओबोलेन्स्कवरून ओबोलेन्स्की ही राजपुत्रांची आडनावे खरोखरच त्यांच्या जहागिरींची नावे आहेत. परंतु त्याच प्रत्ययाचा दुसरा एक प्रचंड समूह रशियन धर्मोपदेशकांच्या वर्गात निर्माण झाला. अठराव्या शतकापासून धर्मपाठशाळांतून विद्यार्थ्यांना आडनावे दिली जाऊ लागली, आणि त्यांतील कित्येक चर्चच्या वा सणांच्या नावांवरून घेतलेली होती. त्रोइत्स्की (त्रिमूर्तीचा), उस्पेन्स्की, पोक्रोव्हस्की, वोझ्नेसेन्स्की ही आडनावे ह्या वर्गातली होत. त्रिमूर्तीची चर्चे रशियाभर असल्यामुळे त्रोइत्स्की हे आडनावही परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक कुटुंबांत स्वतंत्रपणे उद्भवले. शिवाय ह्या वर्गात स्थलाशी मुळीच संबंध नसलेली नावेही आहेत. प्रसिद्ध मुत्सद्दी मिखाइल स्पेरान्स्की (१७७२–१८३९) ह्यांचे आडनाव ‘आशा करणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून पाठशाळेत पडलेले होते. तेव्हा प्रत्यय पाहून सरदारकी ठरविता येत नाही, आणि प्रत्यय पाहून गावही ठरविता येत नाही.

म्हणून दुर्मिळतेचे खरे कारण प्रत्ययात नसून उगमाच्या संख्येत आहे. त्रोइत्स्कीचे उगम अनेक. दोस्तोएव्हस्कीचा उगम एक. एक गाव, एक सनद, एक घराणे. पहिल्या आडनावाला बहुमूल आणि दुसऱ्याला एकमूल असे म्हणता येईल. बहुमूल आडनावाची वारंवारता चाली-रीतींविषयी सांगते. एकमूल आडनाव एखाद्या विशिष्ट स्थळकाळाकडे बोट दाखविते. संशोधनात दोन्ही प्रकार उपयोगी आहेत. परंतु त्यांची साक्ष वेगवेगळ्या प्रश्नांवर घ्यावी लागते.

सामान्य रशियन माणसाची स्थलवाचक आडनावे ह्याहून निराळ्या घडणीची आहेत. कझान्त्सेव्ह, रोस्तोव्त्सेव्ह, मूरोम्त्सेव्ह ह्या नावांत नगराच्या नावापासून प्रथम ‘त्या नगराचा रहिवासी’ असा शब्द तयार होतो आणि मग त्याला स्वामित्वदर्शक प्रत्यय लागतो : ‘कझानवाल्याचा (वंशज)’. असे नाव कझानमध्ये पडणे संभवत नाही, कारण तेथे सगळेच कझानवाले. ते पडते कझान सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला. म्हणजे एका प्रकारचे स्थलवाचक आडनाव ‘गाव माझे आहे’ असे सांगते आणि दुसरे ‘गाव मी सोडले आहे’ असे सांगते. मराठीत हा भेद प्रत्ययाने दाखविला जात नाही. गावाची सत्ता असलेल्या घराण्यालाही ‘-कर’ आणि ते गाव सोडून पोटासाठी परगावी आलेल्यालाही ‘-कर’च. त्यामुळे मराठी अभ्यासकाला रशियन आडनावे वाचताना हा भेद मुद्दाम ध्यानात ठेवावा लागतो.

बोरिस उनबेगाउन ह्यांनी १९७२ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलेल्या ‘रशियन आडनावे’ ह्या ग्रंथाने ह्या सर्व सामग्रीला रूपनिष्ठ वर्गीकरणाची बैठक दिली. त्याचा रशियन अनुवाद १९८९ मध्ये निघाला. हौशी व्युत्पत्तीला लगाम घालण्याचे काम ह्या ग्रंथाने केले, हे त्याचे मोठे श्रेय. तथापि रूपाची पद्धती एका ठिकाणी अपुरी पडते. रूप हे नाव कसे जन्मले ते सांगते. जन्मानंतर त्याचे काय झाले ते सांगत नाही. आणि दोस्तोएव्हस्की ह्या नावाचे मर्म तर त्याच्या उत्तरायुष्यातच आहे.

कादंबरीकाराचे आजोबा आंद्रेई हे पोदोलिया प्रदेशातील एका खेड्यात धर्मोपदेशक होते. गाव सुटले होते, जहागीर राहिली नव्हती. जमीनदारीचे नाव आता पुरोहिताच्या घरात नांदत होते. १७९३ मध्ये पोलंडचे दुसरे विभाजन झाले आणि हा प्रदेश रशियन साम्राज्यात आला. म्हणजे आडनाव रशियन झाले ते माणसे हलल्यामुळे नव्हे, सीमा हलल्यामुळे. माणसे हलली ती पुढे : १८०९ मध्ये मुलगा मिखाइल पाठशाळा सोडून वैद्यक शिकण्यासाठी मॉस्कोला गेला. सरकारी सेवेत बढती मिळाल्यावर १८२८ मध्ये त्याची आणि त्याच्या मुलांची नोंद मॉस्कोच्या वंशपरंपरागत सरदारांत झाली. ही सरदारकी १५०६ च्या सनदेची नव्हे, नोकरीतील दर्जाची होती. १८३१ मध्ये त्याने तूला प्रांतात दारोवोए हे गाव विकत घेतले. कुटुंब पुन्हा एकदा गावाचे मालक झाले. पण त्या गावावरून कोणाचे आडनाव बदलले नाही.

हा शेवटचा तपशील सर्वांत बोलका आहे. १५०६ मध्ये गाव मिळताच ज्या प्रथेने नवे नाव दिले, ती प्रथा १८३१ मध्ये मृत झाली होती. ‘-स्की’ हा प्रत्यय भाषेत जिवंत होता, विशेषणे घडवीत होता. परंतु आडनावात तो गोठला होता. आता नाव माणसाचा गावाशी असलेला संबंध सांगत नव्हते. ते केवळ एका कुटुंबाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखू देत होते. ज्या मुलाला हे नाव मिळाले त्याने ते गाव आपल्या कादंबऱ्यांचे स्थळ कधी केले नाही. त्याची अनेक पात्रे वावरतात ती पीटर्सबर्गच्या भाड्याच्या खोल्यांत.

ह्यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आडनावाच्या साक्षीचे तीन भाग पाडावेत. रूपाची साक्ष भाषाशास्त्राने तपासावी. उगमाची साक्ष दप्तराने तपासावी. आणि नाव व वाहक ह्यांचा संबंध कोणत्या शतकापर्यंत अर्थपूर्ण होता, हे समाजेतिहासाने ठरवावे. ह्या तिन्हींत रक्ताला आणि स्वभावाला कोठेही जागा नाही. एकमूल, दुर्मिळ आडनाव ही संशोधकाला लाभलेली संधी खरी. पण तिच्यातच मोहही आहे. जे नाव एकाच गावाकडे नेते ते एकाच स्वभावाकडेही नेईल, असे वाटू लागते. ते नेत नाही. ‘दोस्तोएव्हस्की’ हे नाव पिन्स्कजवळच्या एका खेड्यापर्यंत नेऊन सोडते, आणि भाषाशास्त्राने तेथेच थांबावे हे उचित.