खरा संत कसा ओळखायचा? सुदुंबऱ्याच्या निमित्ताने एक संशोधन-प्रश्न

संतसाहित्यावर पीएचडी करायचीय म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो : "तुकोबांच्या वह्या खरंच तरल्या का हो?" मला वाटतं, संशोधनाची सुरुवात या प्रश्नाने केली की आपण फसतो. का, ते सांगतो.

मावळातलं सुदुंबरे देहूपासून जवळच. इथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी जातीने तेली, तुकोबांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक. त्यांच्या वह्यांच्या आधारेच वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. नावातला 'अस्सल' हा शब्द बघा. म्हणजे नकली काय, हा प्रश्न तिथे आधीपासून आहेच.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या. महिपतींनी ती 'भक्तविजया'त रंगवून सांगितली, पण तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या बहिणाबाईंची साक्ष त्यामानाने जवळची.

या प्रसंगाचं वाचन साधारण दोन प्रकारे होतं. भाविक म्हणतो, वह्या तरल्या म्हणून तुकोबा खरे. चिकित्सक म्हणतो, कागद तरत नसतो, म्हणून हे सगळं बाजूला ठेवा. लोकांना अभंग पाठ होते, संताजींनी ते पुन्हा लिहून काढले. दुसरं वाचन जास्त पटण्याजोगं वाटतं. पण गंमत अशी की दोघेही चमत्कारालाच कसोटी मानतात. एक पास करतो, दुसरा नापास करतो, एवढाच फरक.

आता गाथ्यातले या प्रसंगाचे अभंग उघडून बघा. तेरा दिवसांचा, पाण्यात राखलेल्या कागदांचा उल्लेख तिथे आहे. पण सूर विजयाचा नाही, अपराधाचा आहे. मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्याने खचून तुला संकटात घातलं, हा माझा मोठा अन्याय झाला, असा त्याचा आशय. विरोधकांना 'बघा, देव माझ्या बाजूने आहे' असं सुनावण्याची आयती संधी होती. ती ते घेत नाहीत. देवावर भरवसा असताना पुरावा का मागितला, याचीच त्यांना लाज वाटते.

आणि दुसरीकडे हेच तुकोबा सांगतात की लोकांना भुलवायचं कपट मला येत नाही, जडीबुटी नाही, झटपट चमत्कार नाही, मठ नाही, शिष्यांचा पसारा नाही. राख फासणारे, अंगात आणणारे, भविष्य सांगणारे यांच्यावर त्यांनी कोरडे ओढलेत ते याच जागेवरून. भोंदू चमत्कार भांडवल म्हणून वापरतो. तुकोबांना तो डोक्यावरचं कर्ज वाटतो. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे.

कुणी विचारेल, पश्चात्तापाचं सोंग करता येत नाही का? येतं की! 'तुका म्हणे' ही मुद्रासुद्धा कुणीही लावू शकतो. उलट बाजूने, सालोमालो दुसऱ्याच्या अभंगांत आपलं नाव घालतो म्हणून गाथ्यात तक्रार आहेच. विरोध झाला म्हणून माणूस खरा, हेही चालणार नाही. विरोध भोंदूलाही होतो. म्हणून एकट्या अभंगावर थांबू नका. भोवतालची माणसं बघा. आक्षेप घेणारे रामेश्वर भट पुढे तुकोबांचेच झाले, त्यांच्या स्तुतीची रचना केली. घरच्यांचा आणि देहूत मंबाजीचा त्रास सोसून बहिणाबाई ठाम राहिल्या. संताजी लिहीत राहिले. एवढ्या वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या स्वभावांची माणसं एकाच दिशेने बोलतात, तेव्हा त्या साक्षीला वजन येतं.

तेव्हा विषय निवडताना 'वह्या तरल्या का' हे सोडा. अपराधाचे हे अभंग कोणत्या हस्तलिखितात आहेत, पाठभेद काय आहेत, महिपतींपर्यंत येता येता अपराधाचा सूर विजयाचा कसा होतो, हे विचारा. गाईडलाही पटेल, आणि मुख्य म्हणजे तुमच्या हाताला काहीतरी लागेल.

समाधीपाशी उभं राहिलं की एक गोष्ट जाणवते. वह्या पाण्यातून कोणी वर काढल्या यावर वाद होईल. पण त्या आपल्यापर्यंत कोणाच्या हाताने पोचल्या, याचं एक उत्तर सुदुंबऱ्यात आहे.