‘मुक्तांगणची गोष्ट’

डॉ. अनिल अवचट मूळचे ओतूरचे, म्हणजे आम्हां आळेकरांचे शेजारीच. त्यांनीं व डॉ. अनिता अवचट ह्यांनीं १९८६ सालीं पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्ति-केंद्र काढलें. त्याचेंच हें आख्यान.

व्यसनी मनुष्य समोर आला कीं आपलें गद्य एकतर उपदेश करूं लागतें, नाहींतर गळा काढतें. अवचट दोन्ही टाळतात. शेजारीं बसून बोलावें तसें लिहितात. येथें व्यसनी पापी नव्हे, आजारी आहे. आणि त्यांतून उठलेलाच पुढें दुसऱ्याच्या उशाशीं बसतो. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. अंग मोडून येतें, रात्र सरत नाहीं, अशा वेळीं “हेंही जाईल” हे शब्द त्या वाटेनें गेलेल्याच्याच तोंडून खरे वाटतात.

पुस्तकाचा भर अर्थात् दारू व गर्द ह्यांवर आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीनें वेदनाशामक गोळ्या घेतां घेतां अडकलेला सभ्य गृहस्थ मात्र आपल्या साहित्यांत अजून फारसा आलेला नाहीं. वस्तुतः गर्द, मॉर्फीन, कोडीन हीं एकाच अफूचीं लेंकरें. ट्रॅमाडोल प्रयोगशाळेंत जन्मलें तरी त्याचें कूळ तेंच, आणि २०१८ सालीं सरकारनें तें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें. ह्या गृहस्थाचें मूळ दुखणें खोटें नसतें. गोळी एकदम तोडून भागत नाहीं; डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मात्रा हळूहळू उतरवावी लागते, आणि घरच्यांना गोळ्यांचा हिशेब ठेवतांना पाठदुखीचीही विचारपूस करावी लागते. ही गोष्ट सांगावयास अवचटांचीच भाषा हवी होती. ते २०२२ सालीं गेले.