‘ट्रान्सलेशन्स’ आणि आयर्लंडमधील स्थलनामांची स्मृती

ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक १९८० मध्ये डेरी येथे प्रथम रंगभूमीवर आले. १८३३ साली डोनेगलमधील एका खेड्यात ब्रिटिश लष्कराचे भूमापन पथक येते आणि तेथील आयरिश स्थलनामांना इंग्रजी रूप देते, हे त्याचे कथासूत्र. नकाशाने नावे पुसली व नावांबरोबर लोकस्मृतीही पुसली गेली, असा अर्थ या नाटकाचा बहुधा लावला जातो. नाटकातील सर्वांत समर्थ प्रसंग मात्र या अर्थाला पुरता दुजोरा देत नाही.

तो प्रसंग ‘तोबर व्री’ या चौरस्त्याचा. ‘तोबर’ म्हणजे विहीर. पण चौरस्त्यावर विहीर नाही. ती जवळच्या शेतात होती, केव्हाच आटली. चेहरा विद्रूप झालेला ब्रायन नावाचा म्हातारा तिचे पाणी पवित्र मानून रोज तोंड धूत असे. एके दिवशी तो तिच्यातच बुडालेला आढळला. ‘व्री’ हा त्याच्या नावाचा झिजलेला अवशेष. ‘डिनशेनखस’ या मध्ययुगीन आयरिश स्थलपुराणांत बोअन बुडते आणि बॉइन नदीला नाव मिळते, सिनन बुडते आणि शॅनन नदीला. फ्रील यांनी तोच साचा वापरला आहे. फक्त देवतेच्या वाट्याला नदी येते, ब्रायनच्या वाट्याला अर्धेमुर्धे अक्षर. ही कथा ओवेनला आजोबांकडून मिळाली आहे आणि गावात इतर कोणालाही ती ठाऊक नाही, असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे विस्मरण पथकाच्या आधीच गावात पोहोचलेले आहे. उलट, ते नाव राखावे असा आग्रह धरतो तो इंग्रज अधिकारी योलंड!

इतिहासही असाच गुंतागुंतीचा आहे. १८३० पासून या भूमापनात काम करणारे जॉन ओ’डोनोव्हन यांनी गावोगाव फिरून वृद्धांकडून नावांचे उच्चार व कथा टिपल्या. मूळ आयरिश रूप व अर्थ नामनोंदवह्यांत राहिले. छापील नकाशावर आले ते इंग्रजी वर्णरचनेतील रूप. खरी हानी येथे झाली. आवाज उरला, अर्थ कार्यालयात बंदिस्त झाला.

तथापि, भाषा गेली की कथाही जाते, हे नाटकाचे गृहीतक टिकत नाही. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधील सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून विहिरी, टेकड्या, जुने कोट यांच्या कथा लिहून घेतल्या. त्या बहुतांशी इंग्रजीत आहेत.