आतलं हँडल : एक रसग्रहण

पुस्तकांची परीक्षणं लिहिण्याचं काम मी गेली बरीच वर्षं इमानेइतबारे करतो आहे. या धंद्यातलं एक गुपित आता फोडायला हरकत नाही. परीक्षण लिहायचं म्हणजे पुस्तक आतून बघावंच लागतं असं नाही. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रस्तावनेचं पहिलं पान आणि लेखकाशी आपले असलेले किंवा बिघडलेले संबंध एवढी सामग्री पुरते. ‘आशय थेट भिडतो, मात्र अभिव्यक्ती काहीशी विस्कळीत वाटते’ हे वाक्य मी कादंबरीपासून पाककृतींच्या पुस्तकापर्यंत सर्वांना घालून पाहिलं आहे. ते कोणालाही आखूड झालेलं नाही.

पण गेल्या पावसाळ्यात खरी समीक्षा कशी असते ते मला बघायला मिळालं. समीक्षेचा विषय होता एका जुन्या ट्रकच्या दाराचं आतलं हँडल आणि समीक्षक होता हमरस्त्यावरचा एक मिस्त्री.

आम्ही साताऱ्याचं बिऱ्हाड पुण्याला हलवत होतो. मावसभाऊ म्हणाला, “घरचा ट्रक असताना भाड्याचा टेम्पो कशाला?” घरच्या ट्रकचं एक असतं. तो पैसे घेत नाही, त्यामुळे त्याला नावंही ठेवता येत नाहीत. ट्रक १९९४ चा. त्या काळी कंपनीकडून बहुधा इंजिन, सांगाडा आणि पत्र्याचं तोंड एवढंच यायचं. मागचं हौद्याचं आणि केबिनचं काम बॉडी बांधणारे कारागीर लाकूड आणि पत्रा ठोकून करायचे. म्हणजे मूळ संहिता एकाची आणि प्रक्षिप्त भाग दुसऱ्याचा. आपल्या जुन्या ग्रंथांसारखंच.

बाहेरून ट्रक देखणा होता. दारावर कमळ, कमळावर गरुड, आणि बाहेरच्या हँडलला तर रेशमी गोंडा. ते हँडल रोज पुसून असं लखलखीत ठेवलेलं, की त्यात बघून भांग पाडावा. सामान चढलं, ‘ही’ मुलांना घेऊन एसटीने पुढे गेली आणि मी ड्रायव्हरमामा आणि क्लीनर पोरगा यांच्या सोबतीने केबिनमध्ये स्थानापन्न झालो.

सुरूर फाट्याजवळ चहाला थांबलो. पाऊस धो धो कोसळत होता. मी उतरायला म्हणून आतलं हँडल ओढलं. दार जागचं हललं नाही. हँडल मात्र माझ्या हातात आलं. पाहुण्याकडे गेल्यावर कपाचा कान हातात यावा तसा माझा चेहरा झाला.

“त्ये असंच हाय, सायेब,” मामा शांतपणे म्हणाले. “काच खाली करा, हात भायेर घाला, भायेरनं उघडा.”

मी काच खाली केली, हात पावसात घातला आणि दार उघडलं. खांद्यापर्यंत भिजलेली बाही पिळत मी उतरलो. आयुष्यभर ‘बाहेर शोधू नका, आत बघा’ असंच ऐकत आलेला मी माणूस. आतल्या माणसाला सुटायचं असेल तर त्याने बाहेर हात पसरावा, हे तत्त्वज्ञान मला नवीन होतं.

“दुरुस्त का करत नाही?”

“दोन वर्सांत ह्ये तिसरं हँडल. आता मालक म्हंत्यात, दार उघडतंय न्हवं? मंग कशाला खर्च?”

मालक म्हणजे आमचा मावसभाऊच. त्याचा हिशेब चोख होता. मीही हसलो आणि चहा मागवला. मग बशीतल्या चहावर फुंकर घालता घालता मामांनी एक गोष्ट सांगितली. दोन पावसाळ्यांमागे रात्री ट्रक रस्त्याच्या कडेला घसरला आणि डाव्या अंगावर कलंडून चरीत पडला. डावं दार चिखलात. उजव्या दाराची काच निम्म्यावर अडकलेली. हात बाहेर काढून वाकवायला जागा नाही. आतलं हँडल नाही. केबिनमध्ये डिझेलचा वास भरायला लागला. शेवटी पोराने लाथा मारून समोरची काच फोडली.

“पाच मिंटं गेली आसत्याल,” मामा म्हणाले. “पन मला माझ्या तिन्ही पोरींची त्वांडं दिसून गेली.” आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

बाहेरच्या हँडलला तेव्हाही गोंडा होता. मला चहा गोड लागेना.

चहाच्या टपरीला लागूनच एका मिस्त्रीचं दुकान होतं. मी हातातलं हँडल त्याच्यापुढे ठेवलं आणि समीक्षकाच्या थाटात म्हणालो, “याला वेल्डिंग करून टाका.”

त्याने हँडल हातात घेऊन मोडलेली मान उजेडात धरली. “ह्ये पोलाद न्हाई, जस्ताचं ओतीव हाय. ज्योत लावली की पाणी हुतंय.” तो बरोबर होता. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश तापमान लागतं. अशा हँडलांची जस्ताची मिश्रधातू ४०० अंशांच्या आतच अंग टाकते. “आन् ह्ये मोडलं न्हाई सायेब, मोडलंया. चला, दार बगू.”

मोडलं नाही, मोडलंय! व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात कर्तरी आणि कर्मणी इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी वाचलेलं नाही.

त्याने प्रथम हँडलच्या जागेकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडून त्याने खालची कड दोन्ही हातांनी उचलली. अख्खं दार अर्धा बोट वर गेलं आणि धपकन खाली बसलं. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या होत्या. मग त्याने काच फिरवायच्या दांड्याची पिन खिळ्याने ठोकून काढली, आतला हार्डबोर्ड उतरवला आणि दाराचं अंतरंग उघडं केलं. आत एक सळई. तिचं एक टोक हँडलला, दुसरं टोक लॉकला. सळईच्या टोकाला क्लिपेऐवजी सुतळी बांधलेली. आणि लॉकमध्ये तीस वर्षांची धूळ आणि ग्रीस यांचा असा लाडू वळलेला, की तो दिवाळीच्या फराळात खपून गेला असता.

“आता बगा,” मिस्त्री म्हणाला. “दार लोंबलंय म्हनून लॉक खांबावरच्या खिट्टीत तिरकं बसतंय. त्यात ग्रीस सुकलंय. म्हंजी वढायला जोर लागनार. सगळ्यात कच्चं काय? हँडल. मंग त्ये मोडनार. तुमी नवं घालनार. त्ये बी मोडनार. दोष कुनाचा आन् मार कुनाला!”

मी वही काढली नाही एवढंच. तीन हँडलांवर ‘कमकुवत’ असा शेरा मारून मोकळं झालेले आम्ही टीकाकार, आणि हा एकटा दाराच्या बिजागरीपाशी जाऊन उभा राहिलेला!

पुढचा दीड तास मी छत्री धरण्याचं काम केलं. पिना बदलल्या. दार जागेवर आलं. लॉक डिझेलमध्ये धुऊन, तेल देऊन बसवलं. सळईला सुतळीऐवजी क्लिप मिळाली. खिट्टी किंचित खाली सरकवली. सर्वांत शेवटी नवं हँडल. मी उत्साहाने दार लावून बघायला गेलो, तर मिस्त्री ओरडला, “थांबा! आदी उघड्या दारावर बगायचं!” त्याने स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ दाबून बंद केली, मग आतलं हँडल ओढलं. खट्. जीभ सुटली. दार लावून मग चाचणी घेतली आणि लॉक अडकलं, तर दार फोडायची पाळी येते म्हणे. आम्ही परीक्षक मात्र पुस्तक बंद करूनच चाचणी घेतो.

मग त्याने न सांगता उजव्या दारालाही तेच सगळं केलं. पैसे मी दिले. आकडा सांगत नाही. एका परीक्षणाच्या मानधनाहून जास्त होता, आणि रास्त होता.

८ जून २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन हवंच, असा सरकारी नियम आहे. चांगलाच आहे. उन्हातान्हात तापणाऱ्या केबिनमध्ये बसून बघितल्याशिवाय त्याचं मोल कळायचं नाही. पण गारव्यासाठी काच वर राहणार, म्हणजे बाहेर हात घालायची सोय गेली. नवं हँडल आज बळकट असेल, पण नवा ट्रकही एक दिवस जुना होतो आणि जुन्या ट्रकला मालक हा असतोच. बाहेरचं हँडल सगळ्या जगाला दिसतं, म्हणून चकचकीत राहतं. आतलं फक्त आतल्या माणसाला लागतं, आणि तेही एखाद्याच रात्री.

मावसभावाला फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “एवढे पैसे घातलेसच, तर गरुडाला रंग तरी मारून घ्यायचास!”

संध्याकाळी पुण्यात नव्या घरासमोर ट्रक थांबला. मामांनी सवयीने काच खाली केली, हात बाहेर काढला, आणि मधेच थांबले. हात आत घेतला. आतलं हँडल दोन बोटांनी ओढलं. दार उघडलं. ते उतरले नाहीत. त्यांनी दार पुन्हा लावलं आणि पुन्हा एकदा आतून उघडलं.

माझं सामान उतरवायची घाई होती, पण मी काही बोललो नाही.