पेपरमधलं ‘बायोकॉम्पॅटिबल’ आणि शरीरातलं

इम्प्लांटच्या कोटिंगवरचे पेपर वाचायला लागलात की शेवटच्या परिच्छेदात एक दावा हमखास भेटतो: हे कोटिंग बायोकॉम्पॅटिबल आहे, सबब डेंटल आणि ऑर्थोपेडिक इम्प्लांटसाठी वापरता येईल. मधल्या पानांत काय असतं? टायटेनियमचा नखाएवढा तुकडा, त्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा थर, एक्सआरडी, एसईएमचे फोटो, एसबीएफमध्ये बुडवून ठेवलेले चौदा दिवस आणि शेवटी पेशींवरची एमटीटी टेस्ट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला पेपर याच साच्यातून निघणार आहे. म्हणून आज कुठल्या एका पेपरवर नाही, त्या साच्यावरच लिहिते आहे.

आधी एसबीएफ, म्हणजे सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड. रक्तद्रवातले आयन ज्या प्रमाणात असतात साधारण त्या प्रमाणात घेऊन बनवलेलं हे पाणी, पीएच ७.४०, तापमान ३६.५ अंश सेल्सिअस. त्यात ठेवलेल्या पदार्थावर अ‍ॅपेटाइटचा थर चढला तर तो पदार्थ हाडाला चिकटेल, असा तर्क. कोकुबो आणि ताकादामा यांचा २००६चा पेपर प्रत्येक जण साइट करतो, पण किती जण तो पूर्ण वाचतात याबद्दल मला शंका आहे. कारण त्याच पेपरात अट आहे: पदार्थातून विषारी किंवा प्रतिकारशक्तीला चिथावणारं काही बाहेर पडत नसेल, तरच हा तर्क लागू. शिवाय बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे अपवादही तिथेच नोंदवले आहेत, जे एसबीएफमध्ये अ‍ॅपेटाइट न दाखवताही हाडाला जोडले जातात. साइट करताना ही अट आणि हे अपवाद गळून पडतात.

२००९मध्ये बोनर आणि लमेत्र यांनी या पद्धतीवर थेट प्रश्नचिन्ह लावलं. त्यांचा पेपर जरूर वाचा. मुद्दा साधा आहे. एसबीएफ हे अ‍ॅपेटाइटच्या दृष्टीने अतिसंपृक्त द्रावण आहे, म्हणजे स्फटिक पडायला ते टपूनच बसलेलं असतं. त्यात प्रथिनं नाहीत, पेशी नाहीत. नेहमीच्या एसबीएफमध्ये बायकार्बोनेट ४.२ मिलिमोलर, तर रक्तद्रवात २७. आता विचार करा, तुमचं कोटिंग मुळातच हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं आहे आणि तुम्ही ते अशा द्रावणात सोडलंत. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की खडीसाखर धरणारच, आणि दोऱ्याला आधीच साखरेचे कण चिकटलेले असतील तर बघायलाच नको. त्यातून पाकाबद्दल थोडं कळलं. हाडाबद्दल काय कळलं?

एमटीटीचं तर याहून सोपं आहे. आयएसओ १०९९३-५ नुसार जिवंत पेशींचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त घटलं तर पदार्थ पेशींना घातक मानतात. तुमच्याकडे ९२ टक्के आलं, छान. याचा अर्थ इतकाच की तेवढ्या तासांत त्या पेशी मेल्या नाहीत. आणि पेशी कुठल्या? बहुतेक वेळा एमजी-६३. पुण्याच्या एनसीसीएसकडून अनेक प्रयोगशाळा पेशी मागवतात, हीही त्यातलीच. पण ती हाडाच्या कॅन्सरमधून आलेली आहे, वाढणं हाच तिचा धर्म. ती तुमच्या कोटिंगवर खूश आहे यावरून एखाद्या आजीच्या खुब्यातल्या हाडाचं मत कसं ठरवणार?

यापुढे अनेक पेपर थांबतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. कोटिंग टिकतं का, हे विचारलेलंच नसतं. मी चऱ्होलीत राहते. इथून भोसरी एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. तिथल्या टूलरूममधल्या कुणालाही विचारा, ड्रिलवरचा सोनेरी टायटेनियम नायट्राइडचा थर पकड धरतो की नाही हे तपासल्याशिवाय ते टूल मशीनवर चढवतील का. नरम धातूवर कडक पातळ थर दिला की दाबाखाली खालचा धातू दबतो आणि वरचा थर अंड्याच्या कवचासारखा तडकतो, हे त्यांना पाठ असतं. हाच नायट्राइड सांध्याच्या इम्प्लांटवरही देतात. प्लाझ्मा स्प्रे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटसाठी आयएसओ १३७७९-२ मध्ये किमान १५ मेगापास्कल चिकटबळ मागितलं आहे. प्लाझ्माच्या उष्णतेत हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं थोडं विघटन होऊन कॅल्शियम ऑक्साइडसारखे लवकर विरघळणारे पदार्थ बनतात, म्हणून स्फटिकतेचीही अट आहे. हे आकडे नसलेला पेपर ‘इम्प्लांटसाठी योग्य’ म्हणत असेल तर तिथेच पेन्सिलने गोल करा.

‘टिकलं नाही तर काय होतं’ याचं उत्तर कोटिंगच्या नाही, पण पृष्ठभागाच्याच एका प्रकरणात आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा. गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे. हा मिश्रधातू काही नवखा नव्हता. दातांच्या कामात तो १९३०च्या दशकापासून आहे आणि ठोकळा म्हणून पेशींच्या चाचणीत सहसा नापास होत नाही. पण एएसआरची वाटी उथळ होती. ती थोडी जरी तिरकी बसली तरी भार कडेवर यायचा, मधली वंगणाची फिल्म तुटायची आणि धातूवर धातू घासून नॅनोमीटर आकाराचे कण सुटायचे. ठोकळ्याला जे शरीर वर्षानुवर्षं सांभाळून घेतं, त्याच धातूच्या कणांना आणि आयनांना ते सहन करेल असं नाही. सांध्याभोवतीचे मऊ ऊतक सडले, रक्तात कोबाल्ट वाढलं. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने सांधा जगभरातून परत मागवला, तोवर सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसवून झाला होता. ब्रिटनच्या रजिस्ट्रीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसत होतं.

भारतात असे सांधे सुमारे ४,७०० बसवले गेले. मुंबईतल्या रुग्णांनी आणि महाराष्ट्राच्या एफडीएने हा विषय लावून धरला. केंद्राने २०१७मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर बहुतेक रुग्णांचा मागही लागत नव्हता, कारण कुणाला काय बसवलं याची नोंदवही आपल्याकडे नव्हतीच.

आता पुन्हा आपल्या नखाएवढ्या तुकड्याकडे या. एसबीएफ आणि एमटीटी करूच नका असं मी म्हणत नाही. प्राण्यांवरचे प्रयोग कमी करायला अशी चाळणी लागतेच. बायोकॉम्पॅटिबिलिटीची १९८६च्या चेस्टर परिषदेतली व्याख्या मात्र डोळ्यांसमोर ठेवा: पदार्थ ठरावीक कामासाठी, ठरावीक ठिकाणी, शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवून काम करतो का. हा गुण एकट्या पदार्थाचा नाहीच, पदार्थ आणि काम या जोडीचा आहे. दाताच्या स्क्रूवर लाळ, जिवाणू आणि चावण्याचा दाब. खुब्याच्या दांड्यावर वर्षाला लाखो पावलं. दोघांसाठी एकच वाक्य लिहायला पेपरलेखक कचरत नाहीत, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

गाइड किंवा रिव्ह्यूअर ‘बायोकॉम्पॅटिबल’ शब्द घालायला सांगतील, तेव्हा त्याऐवजी हे लिहून बघा: ‘७२ तासांत एमजी-६३ पेशींना घातक आढळलं नाही, चिकटबळ अमुक मेगापास्कल, झीज तपासलेली नाही.’ वाक्य लांब होईल, कदाचित जर्नलही एक पायरी खालचं मिळेल. पण व्हायव्हात त्यातल्या प्रत्येक शब्दामागे तुमच्याकडे मोजलेला आकडा असेल.