मॅजेस्टिक सिनेमा, गिरगाव : 'पहिलेपणा'च्या इतिहासाची चिकित्सा

प्रास्ताविक

गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमाचे नाव भारतीय चित्रपटाच्या बहुतेक इतिहासग्रंथांत आढळते. मात्र ते बहुधा एकाच वाक्यापुरते येते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट येथे प्रदर्शित झाला, एवढी नोंद करून इतिहासकार चित्रपटाच्या कथेकडे, गाण्यांकडे व निर्मात्याकडे वळतो. चित्रगृह मागे राहते ते केवळ पत्ता म्हणून. प्रस्तुत लेखात या लेखनपद्धतीची चिकित्सा केली आहे. मॅजेस्टिकचे महत्त्व एका तारखेपुरते मर्यादित नसून मराठी प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःची भाषा ऐकू येण्याच्या घटनेशी ते निगडित आहे, अशी मांडणी येथे केली आहे.

प्रदर्शक ते निर्माता

'आलम आरा'चे निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी हे मुळात चित्रपटांचे प्रदर्शक होते. अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत अलेक्झांड्रा व मॅजेस्टिक ही चित्रगृहे त्यांनी चालविली आणि त्यानंतर ते निर्मितीकडे वळले. ही पार्श्वभूमी दुर्लक्षिण्यासारखी नाही. मूकपटाच्या चित्रगृहात बोलपट दाखवायचा, तर ध्वनीची नवी यंत्रणा बसविणे भाग होते. चित्रपट चालला नाही, तर तो खर्च अंगावर येणार होता. निर्मात्याचे स्वतःचे चित्रगृह असेल, तर असा धोका पत्करणे अधिक सुकर होते. 'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये लागला, हा म्हणूनच केवळ योगायोग म्हणता येत नाही. पहिल्या खेळांना इतकी झुंबड उडाली की बंदोबस्तासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात कित्येक पटींनी विकले गेले. या हकिगती सर्वश्रुत आहेत. तथापि, त्या गर्दीने आत जाऊन कोणती भाषा ऐकली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

भाषेचा प्रश्न

मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. पाट्या वाचता आल्या तर उत्तम, नाही तरी कथानक कळत असे. पडदा बोलू लागताच ही स्थिती पालटली. 'आलम आरा' हिंदुस्थानीत होता आणि पारशी रंगभूमीवरील जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर आधारलेला होता. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटाच्या काळातील अत्यंत लोकप्रिय मराठी नट. त्यांच्या हिंदुस्थानी उच्चारांच्या मर्यादेमुळे त्यांच्या वाट्याला फारसे संवाद दिले गेले नाहीत, असे सांगितले जाते. मूकपटात ज्या नटाला भाषा आडवी आली नव्हती, त्याला ती बोलपटात आली. बोलपटाने प्रेक्षकाला काय दिले, याबरोबरच त्याने कोणाला मूक केले, हेही या उदाहरणातून दिसून येते.

त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, याच मॅजेस्टिकमध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. हा पहिला मराठी बोलपट. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे यांचे संगीत व हरिश्चंद्राची भूमिका आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे, असा तो योग होता. टेंबे हे संगीत रंगभूमीवरून आलेले. ज्या प्रेक्षकाचे कान नाट्यपदांवर पोसलेले होते, त्याला पडद्यावरचा हा स्वर परका वाटण्याचे कारण नव्हते. याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही प्रभातने स्वतंत्रपणे चित्रित केली होती. मूकपटाचा एकसंध बाजार आता भाषावार विभागला जाऊ लागला, याची ही स्पष्ट खूण होय.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातीलच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. तो हरिश्चंद्र मुका होता. त्याचे बोलणे पाट्यांवर वाचावे लागे. १९ वर्षांनी तोच सत्यवचनी राजा त्याच गिरगावात, मॅजेस्टिकच्या पडद्यावर, मराठीत बोलला. कथा तीच, वस्तीही तीच. बदलले ते प्रेक्षकाचे तिच्याशी असलेले नाते. मॅजेस्टिकच्या इतिहासातील हा क्षण 'आलम आरा'च्या क्षणाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

'पहिलेपणा'च्या मर्यादा

पहिलेपणाची नोंद निरर्थक आहे, असे येथे सुचवायचे नाही. मात्र तिच्यावरच भिस्त ठेवल्यास काय होते, हे मॅजेस्टिकच्या बाबतीत ठळकपणे दिसते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मॅजेस्टिकची वास्तूही पाडली गेली आणि त्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले. चित्रपट नाही आणि चित्रगृहही नाही. उरली ती तारीख. उलटपक्षी 'अयोध्येचा राजा' हा आज पाहता येणारा सर्वांत जुना भारतीय बोलपट मानला जातो. जे पाहता येत नाही त्याचा उत्सव आणि जे पाहता येते त्याची उपेक्षा, असा विरोधाभास या लेखनपद्धतीतून निर्माण झाला आहे.

दुसरी मर्यादा अशी की, पहिल्या दिवसाकडे पाहणारा इतिहास पुढील आठवड्यांकडे पाहत नाही. प्रभातचाच 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ पासून गिरगावच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. वर्षभराहून अधिक काळ एकाच पडद्यावर एक मराठी चित्रपट टिकतो, तेव्हा ते चित्रगृह परिसराच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनते. एकपडदा चित्रगृहाचा खरा इतिहास अशा 'चालण्या'त असतो, 'लागण्या'त नव्हे.

नाव आणि जागा

मॅजेस्टिकचे नाव मात्र पुसले गेले नाही. चित्रगृहाच्या सान्निध्यात सुरू झालेल्या कोठावळे यांच्या पुस्तकांच्या दुकानाने ते धारण केले. मॅजेस्टिक बुक स्टॉल, मॅजेस्टिक प्रकाशन आणि 'मॅजेस्टिक गप्पा' यांमुळे हे नाव मराठी वाचकाच्या तोंडी राहिले. चित्रगृह कधीही न पाहिलेला वाचकही ते उच्चारतो. परंतु नाव टिकणे म्हणजे इतिहास टिकणे नव्हे.

समारोप

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. दादरचे चित्रा सिनेमा २०१९ मध्ये बंद झाले. मराठी चित्रपटांचे हक्काचे ठिकाण म्हणून ओळखले गेलेले लालबाग-परळचे भारतमाता राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरणीच्या जमिनीवर असल्याने त्याचे भवितव्य दीर्घकाळ वादाच्या भोवऱ्यात राहिले. १९८२च्या संपानंतर गिरणगावातील कामगार प्रेक्षक विखुरला आणि जमिनीचा भाव तिकिटाच्या उत्पन्नाला पुरून उरला. अशा परिस्थितीत प्रत्येक वास्तू वाचेलच, असे नाही. म्हणूनच खेळांच्या जाहिराती, तिकीट-विक्रीच्या वह्या, ऑपरेटर व डोअरकीपर यांच्या आठवणी यांचे संकलन वास्तू उभी असतानाच होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना हे काम स्थानिक पातळीवर हाती घेता येईल. मॅजेस्टिकच्या बाबतीत ती संधी निघून गेली. इतर चित्रगृहांच्या बाबतीत ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.